शब्दांचा दस्तरखान : भरवणे, पाजणे, पोसणे आणि इंग्रजी 'फीड'

खाऊ घालण्यासाठी मराठीत किती क्रियापदे आहेत, हे आपण सहसा मोजत नाही. बाळाला आपण भरवतो, दूध पाजतो, पाहुण्यांना जेवू घालतो, बकरी ईदसाठी आणलेल्या बकऱ्याला पाला चारतो आणि अनाथाला पोसतो. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. पाहुण्यांना 'चारले' म्हणून पाहा, ते पुन्हा दाराशी येणार नाहीत! इंग्रजीत मात्र या सर्वांसाठी एकच शब्द चटकन हाती येतो, 'फीड'. आपली मुले-मुली अडखळतात ती इथेच. म्हणून या महिन्यात आम्ही हाच शब्द आणि त्याचे भाऊबंद निवडले आहेत.

'फीड' हा 'फूड'पासूनच बनला आहे. 'ब्लड'पासून 'ब्लीड' बनला, त्याच रीतीने. स्वर बदलून काम बदलणे आपल्यालाही नवे नाही. बकरा चरतो, आपण त्याला चारतो. 'फीड'चा भूतकाळ 'फेड' आहे, 'फीडेड' नव्हे. 'आईने बाळाला भात भरवला' हे दोन प्रकारे सांगता येते : 'शी फेड द बेबी राइस' किंवा 'शी फेड राइस टू द बेबी'. जनावर स्वतः खात असेल तर 'फीड ऑन' येते : 'काउज फीड ऑन ग्रास'.

माणसांबाबत हा शब्द जपून वापरावा. 'आय फेड माय ग्रँडमदर' म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, दादींना हाताने खाता येत नाही, घास भरवावा लागतो. जेवण वाढले एवढेच सांगायचे असेल तर 'सर्व्ह' म्हणावे. पण जिथे पोट भरण्याची जबाबदारी आहे तिथे 'फीड' अगदी योग्य आहे. 'ही फीड्स अ फॅमिली ऑफ सिक्स' म्हणजे सहा जणांचे पोट त्याच्या कमाईवर चालते. शपथ मोडल्याच्या कफ्फाऱ्यात दहा गरिबांना जेवू घालणे येते, तिथेही इंग्रजी पुस्तके 'फीड' हाच शब्द लिहितात.

आता लाक्षणिक अर्थ पाहू. यंत्रात कागद सरकवणे म्हणजे 'फीड'. एखाद्या भागाला वीज पोहोचवणारी वाहिनी म्हणजे 'फीडर'. 'फीडर बंद आहे' हे वाक्य आपल्या खेड्यांत इंग्रजी न शिकलेल्यांनाही पाठ आहे. आगीत लाकूड सारणे म्हणजे 'फीड द फायर', अफवेला खतपाणी घालणे म्हणजे 'फीड द रूमर'. गंमत बघा, अफवेला आपण रोपासारखे वाढवतो, इंग्रज तिला जनावरासारखे खाऊ घालतात. 'फेड अप' म्हणजे पोट भरले नव्हे, तर कंटाळा आला, वीट आला. आणि 'बाइट द हँड दॅट फीड्स यू' याला आपला नेमका जोड आहे : खाल्ल्या घरचे वासे मोजणे.

'नर्स' म्हटले की डोळ्यांपुढे दवाखाना येतो. मुळात हा शब्द लॅटिनमधील पोषणाच्या क्रियापदापासून फ्रेंचमार्गे आला आणि त्याचा जुना अर्थ दूध पाजणारी स्त्री. 'नरिश', 'न्यूट्रिशन', 'नर्चर', 'नर्सरी' ही सगळी त्याच घरची मंडळी. त्यामुळे इंग्रजी सीरतग्रंथांत हजरत हलीमा सादिया (रजि.) यांच्यासाठी 'वेट नर्स' लिहिलेले दिसले तर मुलांना गोंधळू देऊ नका, त्याचा अर्थ दूधआई. 'फॉस्टर मदर'ही लिहितात. 'फॉस्टर' हा शब्दही 'फूड'च्याच मुळाचा आहे. आज 'फॉस्टर' म्हणजे दुसऱ्याचे मूल सांभाळणे, वाढवणे. 'अडॉप्ट' म्हणजे दत्तक घेणे, ते वेगळे. आपल्याकडे हा फरक वंश आणि वारसाहक्क यांच्याशी जोडलेला आहे, म्हणून या दोन शब्दांची अदलाबदल करू नये.

हे दोन्ही शब्द मनाकडेही वळतात. 'फॉस्टर होप' म्हणजे आशा जोपासणे. 'नर्स अ ग्रज' म्हणजे मनात अढी धरून तिला पोसणे. दूध पाजून वाढवावे तसा राग वाढवणे! भावाभावांत जमिनीवरून झालेला वाद वर्षानुवर्षे का मिटत नाही, ते हा एक शब्द सांगून जातो. राग आपोआप जगत नाही, त्याला कोणीतरी रोज पाजत असते.

दूध तोडण्याला 'वीन' म्हणतात. कुरआनात दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे. 'वीन' मुळात 'सवय लावणे' या अर्थाचा आहे. 'वीन हिम ऑफ द मोबाइल' म्हणजे त्याची मोबाइलची सवय हळूहळू सोडवणे. मात्र 'वीन्ड ऑन' आले की अर्थ उलटतो : लहानपणापासून त्यावरच वाढलेला. एका छोट्या शब्दाने एवढा फरक पडतो.

'स्पून-फीड' म्हणजे चमच्याने भरवणे, आणि विद्यार्थ्याला तयार उत्तरे देणे. 'फोर्स-फीड' म्हणजे जबरदस्तीने कोंबणे. 1909 पासून ब्रिटिश तुरुंगांत मताधिकारासाठी उपोषण करणाऱ्या स्त्रियांना नळीने असेच अन्न दिले गेले. आजही मुलांवर नकोशा विषयांचा मारा होतो तेव्हा हाच शब्द वापरतात.

शेवटी 'अलिमनी'. हाही शब्द पोषणाच्या लॅटिन क्रियापदातूनच आला. मराठीत त्याला 'पोटगी' म्हणतात, त्यातही पोट आहेच. न्यायालयाच्या कागदावर ती एक रक्कम दिसते. दोन्ही भाषा मात्र आठवण देतात की त्या रकमेमागे कोणाची तरी भाकरी आहे. नफका चुकवणारा रक्कम थकवत नाही, तो घास अडवतो.

आता 'फीड'चा सर्वांत ताजा अर्थ. फेसबुकने 2006 मध्ये 'न्यूज फीड' सुरू केले. बोटाने सरकवत राहावे आणि पुढ्यात काहीतरी येतच राहावे, ते 'फीड'. पशुखाद्याच्या पोत्यावरही हाच शब्द छापलेला असतो. गोठ्यात काय टाकायचे ते जनावर ठरवत नाही, मालक ठरवतो. मोबाइलवर ते कोण ठरवते, हा प्रश्न आज दस्तरखानावर मुलांना जरूर विचारा. बाळाच्या तोंडात घास देण्याआधी आई तो चाखून, फुंकर घालून पाहते. मनात जाणाऱ्या घासालाही तेवढी फुंकर हवी.

घरचा अभ्यास : 'फीड', 'नर्स', 'फॉस्टर', 'वीन' आणि 'स्पून-फीड' यांची प्रत्येकी दोन वाक्ये करा, एक पोटाचे आणि एक मनाचे.