अजून पिकला नाही म्हणे!

इंदूरमध्ये डोळ्यांचा डॉक्टर म्हणून एक वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. "मोतीबिंदू अजून पिकला नाही ना? मग थंडीत बघू."

यामागे एक खरा काळ आहे. पूर्वी डोळ्यातलं भिंग अख्खं बाहेर काढत. मोठा छेद, कित्येक दिवस पडून राहणं आणि पुढे जन्मभर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. तेव्हा शक्य तितकं थांबणंच शहाणपणाचं होतं. मग १९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. (लढाऊ विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यात विशेष त्रास न देता राहतात, हे त्यांनी युद्धकाळात पाहिलं होतं!) १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घ्यायची रीत काढली. आता छेद जेमतेम २ ते ३ मिलिमीटरचा असतो.

त्यामुळे हिशेब उलटला. पिकलेलं भिंग टणक होतं, ते फोडताना बुबुळाच्या आतल्या नाजूक थराला जास्त इजा होते. अतिच पिकलं तर ते फुगतं किंवा पाझरतं, डोळ्यातला दाब चढतो, डोळा लाल होऊन ठणकतो. त्यात नस दुखावली, तर नंतर ऑपरेशन उत्तम होऊनही गेलेली नजर परत येत नाही.

म्हणून मी विचारतो, "घरात काय काय करायचं सोडलंत?" तेव्हा खरं बाहेर येतं. काकूंनी पोथी बाजूला ठेवलेली असते, तांदूळ निवडायला सुनेकडे दिलेले असतात. काका अंधार पडल्यावर स्कूटर काढत नाहीत, समोरच्या दिव्यांचा लखलखाट सहन होत नाही. दोघांचीही तक्रार काही नसते. "वय झालं," एवढंच.

काही आजी तर खुशीत येतात, सत्तरीत चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येतो म्हणून! भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की जवळचं काही काळ बरं दिसतं. त्याच वेळी लांबचं अंधुक होत असतं, पण दाराशी कोण उभं आहे ते आवाजावरून कळतं, त्यामुळे लक्षात येत नाही.

थेंब घालून मोतीबिंदू विरघळत नाही. थंडीचाही काही संबंध नाही. मात्र अंधुक दिसणं म्हणजे मोतीबिंदूच असं घरी ठरवू नका. काचबिंदूत गेलेली नजर परत मिळत नाही, म्हणून दाब आणि पडदा दोन्ही तपासून घ्या. मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी दरवर्षी हवीच, आणि भिंग फार गढूळ झालं तर आम्हाला तो पडदा दिसतच नाही.

तपासणीला येताना जुना चष्मा आणि चालू औषधांची यादी आणा. काकालोकांनी प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर न लाजता सांगावं. टॅमसुलोसिनसारख्या गोळीमुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली आकसू शकते. आधी कळलं तर आम्ही तशी तयारी ठेवतो.