घोगऱ्या गळ्याचा पोस्टमन

गाणं म्हणायचं तर गळा गोडच हवा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आवाज फुटायच्या वयात तर कित्येक मुलं गाणंच सोडून देतात. वर्गातले हसतात ना! म्हणून आज तुमची ओळख अशा एका गायकाशी करून देतो, ज्याचा गळा गोड कधीच नव्हता. तरी लोक जिवाचा कान करून त्याला ऐकायचे.

त्याचं नाव जॉन प्राइन. जन्म १९४६ सालचा, अमेरिकेतल्या शिकागोजवळच्या मेवुड गावातला. गिटार शिकवली थोरल्या भावानं. पुढे हा पठ्ठ्या झाला पोस्टमन! मध्ये लष्करात भरती होऊन पश्चिम जर्मनीत गाड्या दुरुस्त करून आला आणि परत खांद्यावर टपालाची पिशवी घेतली. रोज तेच रस्ते, तीच दारं. पाय आपोआप चालायचे आणि डोक्यात गाणी जुळायची. १९७० साली रॉजर एबर्ट या सिनेसमीक्षकानं त्याला एका छोट्या क्लबात ऐकलं आणि पेपरात या गाणाऱ्या पोस्टमनवर लेख लिहिला. १९७१ साली पहिली रेकॉर्ड निघाली.

काय असायचं त्या गाण्यांत? चाली साध्या, लोकगीतांच्या आणि कंट्री संगीताच्या वळणाच्या. पण माणसं खरीखुरी. ‘हॅलो इन देअर’ हे गाणं एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांचं आहे. लहानपणी जॉन एका मित्राबरोबर वृद्धाश्रमात पेपर टाकायला जायचा. तिथले काही आजी-आजोबा, जणू आपला नातूच भेटायला आलाय, असं दाखवायचे. ते त्याच्या मनात घर करून राहिलं. ‘पॅरडाइज’ हे गाणं आई-वडिलांच्या मुलखाचं, म्हणजे केंटकी राज्यातलं. कोळशासाठी तिथली जमीन कशी ओरबाडली गेली, ते त्यात आहे. ही गाणी रचली तेव्हा त्यानं पंचविशीसुद्धा गाठली नव्हती!

आता पुढचं ऐका. १९९८ साली त्याच्या मानेत कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले आणि आवाज पार खाली उतरला, खरखरीत झाला. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. यानं काय केलं? जुनी गाणी खालच्या पट्टीत बसवली आणि पुन्हा गायला लागला. हा नवा आवाज तर त्याला पहिल्यापेक्षा जास्त आवडायचा. आणि गंमत म्हणजे, म्हाताऱ्यांचं ते गाणं आता खरोखरच म्हाताऱ्या गळ्यातून येऊ लागलं. ऐकणाऱ्याला वाटावं, हा आपल्याच घरातला कुणीतरी बोलतोय.

२०१३ साली फुप्फुसाचंही ऑपरेशन झालं. तरी २०१८ साली, एकाहत्तराव्या वर्षी, त्याचा नवा अल्बम आला आणि अमेरिकेच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोचला. इतक्या वर चढलेला त्याचा हा पहिलाच अल्बम! ७ एप्रिल २०२० रोजी कोविडनं तो गेला.

त्याची गाणी मिळवून जरूर ऐका. इंग्रजी सोपं आहे, निम्मं तर लगेच कळेल. आणि हो, तुमचा आवाज सध्या फाटत असेल, तर खुशाल फाटू दे. गाणं थांबवू नका. सांगण्यासारखं काही असलं, की लोक ऐकतात.