धुराचाही काटा करा

उजनी धरणाकाठच्या माणसाला फसवणे सोपे नाही, असा आमचा एक लाडका समज आहे. कारखान्याच्या काट्यावर त्याचा काडीचा विश्वास नाही; शक्य असेल तर उसाची ट्रॉली आधी खासगी काट्यावर चढते. उतारा जरा घसरला की हा सभेत माईक हिसकावतो. आणि हाच चिकित्सक गृहस्थ आपली डिझेल एसयूव्ही शहरातल्या कुणा लॅपटॉपधारी ऋषीकडे रिमॅपला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला मॅप बदलायला, नेतो. ऋषी सांगतात, “दादा, चाळीस एचपी वाढले!” हा रोख मोजून परत येतो. कुठल्या काट्यावर वाढले हो? एचपी मोजायलाही यंत्र असते, डायनो म्हणतात त्याला. पण ते मागायचे कशाला? पुरावा सायलेन्सरमधून निघतोच आहे. काळाकुट्ट.

तर त्या पुराव्याविषयी. धूर म्हणजे ताकद नव्हे, अर्धवट जळलेले डिझेल. एक किलो डिझेल पुरते जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. तेवढ्यावरही भागत नाही, कारण फवारा सिलिंडरभर मिसळायला वेळच नसतो. जादा हवा हवीच. टर्बो बसवलेला असतो तो त्यासाठी. ऋषी मात्र डिझेल सढळ हाताने सोडतात आणि हवेचे नाव काढत नाहीत. मग पंपावर पैसे मोजून घेतलेले डिझेल काजळी होऊन धरणकाठच्या केत्तूरच्या फ्लेमिंगोंवरून ओवाळून टाकले जाते.

वर शास्त्र! “मिश्रण रिच ठेवले की इंजिन थंड राहते.” राहते ना, पेट्रोल टर्बोत. तिथे जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषते. डिझेलचे नेमके उलटे: इंधन वाढवाल तसा एक्झॉस्ट तापतो, आणि मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणारे टर्बाइन तो ताप निमूट सोसते. काही दिवस. मग शाफ्ट ढिला, ऑइलची गळती. दोष कुणाचा? “सगळे त्या इथेनॉलमुळे!”

अहो, इथेनॉल पेट्रोलमध्ये घालतात. तुमची गाडी डिझेलची! पेट्रोलवाल्याने मायलेजवरून कुरकुर करावी, त्याला हक्क आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. पण ज्याला तुम्ही शिव्या घालता, त्यावर अमेरिकेतल्या इंडीकार शर्यतींची टर्बो इंजिने २०१२ पासून धावली: ई-८५, म्हणजे बहुतांश इथेनॉल. ऑक्टेन चढा, आत जाणारी हवा थंड, नॉकिंगची भीती कमी, म्हणून बूस्ट वाढवता येतो. २०२३ पासून तर त्यांच्या इंधनात उसाच्या टाकाऊ भागापासून केलेले इथेनॉल आहे. उसाच्या! ज्याला पाणी पाजून पाजून उजनी उन्हाळ्यात मायनसमध्ये जाते, त्याच उसाच्या जातभाईच्या.

हे ऐकायला कोण थांबतो? गाडी शोरूमला सर्व्हिसिंगला न्यायची असते. वॉरंटी जाऊ नये म्हणून ऋषी आदल्या दिवशी कंपनीचा जुना मॅप परत चढवून देतात, त्याचे वेगळे पैसे. म्हणजे एकदा विकत घेतलेली गाडी दादा ऋषींकडून पुन्हा विकत घेतात, तीही एका दिवसापुरती.