हेल्याच्या गव्हाणीवर कोणाचा हक्क?

मांसासाठीच्या जनावराला शेवटचे तीन-चार महिने कोणते धान्य चारावे, हे अमेरिकेत कृषी विद्यापीठे शेतकऱ्याला शिकवतात. आपल्याकडे हा प्रश्न विचारायचीही चोरी झाली आहे! मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. आंजी (मोठी) हे वर्धा जिल्ह्यातले गाव, गवळाऊ बैलांच्या मुलखातले. म्हातारा बैल विकून नव्या जोडीला हातभार लावण्याचा कास्तकाराचा हिशेब या कायद्याने मोडला.

हेला मात्र या बंदीत नाही. तरीही त्याची काय गत? वगार जपली जाते, हेला उपाशी मरतो. भूमिहीन बांधवांनी तो पोसला तर चार पैसे हाती येतील. पण शास्त्र समजून घ्यावे लागेल. अंगावर मांस धरायला मका सर्वात चांगला, त्याखालोखाल ज्वारी. दोन्ही भरडूनच द्यावेत, पीठ करू नये. जोडीला तुरीची चुनी किंवा सरकीची ढेप, थोडे मीठ आणि खनिज मिश्रण. बुरशी लागलेला मका, ओली ढेप बिलकुल नको. सुरुवात अर्ध्या किलोने करून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे. कडबा-कुटार कधीही तोडू नये. घरातला रेशनचा गहू-तांदूळ एकदम टोपलीभर टाकला, तर पोटात आम्ल वाढते आणि बसलेले जनावर उठत नाही. गरिबाची सगळी पुंजी एका रात्रीत जाते!

पण भरडा आणायचा कुठून? कापूस-सोयाबीनने ज्वारीला शिवारातून हुसकले, तिच्यासोबत कडबाही गेला. आमच्या मायबहिणी कापूस वेचतात; त्याच कापसाच्या सरकीची ढेप आम्हालाच विकत घ्यावी लागते. हा कोणता न्याय?

१९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभारला, तो पडीक जमीन कसणाऱ्याला मिळावी म्हणून. तो प्रश्न आजही गव्हाणीपाशी उभा आहे. गायरानात भूमिहीनांना वैरणीसाठी हक्काचा तुकडा द्या. जनावरासोबत पहिल्या तीन महिन्यांचा खुराकही द्या. कायदेशीर जनावर बाजारात नेणाऱ्याला रस्त्यात अडवणाऱ्या टोळक्यांचा बंदोबस्त करा. ही भीक नाही, हक्क आहे. येत्या ग्रामसभेत बांधवांनी हे ठराव मांडावेत आणि मंजूर झाल्याशिवाय उठू नये.