ऑनलाइन मृत्युपत्र : फी किती, किंमत किती?

घरबसल्या दहा मिनिटांत मृत्युपत्र तयार करून देणाऱ्या सेवांच्या जाहिराती आता मोबाइलवर रोज दिसतात. वकिलाकडे जायला नको, कचेरीत रांग नको. नाव भरा, मालमत्ता लिहा, पैसे भरा आणि कागद हातात. आपल्या समाजात वसिय्यत लिहिण्याचा विषय टाळण्याकडेच कल असतो. अब्बा हयात असताना असे बोलणे अनेक घरांत अपशकुनाचे मानले जाते. खरे तर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वसिय्यत लिहून ठेवण्यात दिरंगाई न करण्याची ताकीद दिली आहे. त्यामुळे जाहिरात पाहून का होईना, कोणी हा विचार करू लागला तर आम्हाला आनंदच आहे. मात्र पैसे भरण्यापूर्वी त्या कागदाची खरी किंमत समजून घ्यावी, एवढ्यासाठीच हा लेख.

आधी फीबद्दल बोलू. जाहिरातीत दिसणारी रक्कम बहुधा साध्या मसुद्याची असते. वकिलाकडून तपासणी, बदल करण्याची सोय, नोंदणीसाठी मदत, कागद जपून ठेवण्याचे वार्षिक शुल्क अशा गोष्टींचे पैसे वेगळे पडू शकतात. अटींच्या बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य अनेकदा सापडते : ही सेवा म्हणजे कायदेशीर सल्ला नव्हे. म्हणजे मसुदा चुकला तर जबाबदारी आपली. शिवाय आपली खाती, घरे, सोने आणि मुलाबाळांची सगळी माहिती आपण एका अनोळखी कंपनीच्या हाती दिलेली असते.

दुसरी गोष्ट, मृत्युपत्र पूर्णपणे ऑनलाइन होतच नाही. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला मान्यता दिली, पण त्याच्या पहिल्या परिशिष्टात मृत्युपत्र वगळले आहे. कागद छापून त्यावर हाताने सही करावीच लागते. मुस्लिम कायद्यात तोंडी वसिय्यतही ग्राह्य आहे, परंतु ती सिद्ध करण्याचा भार तिच्या आधारे हक्क सांगणाऱ्यावर पडतो. म्हणून लेखी वसिय्यत आणि दोन साक्षीदार हाच शहाणपणाचा मार्ग. थोडक्यात, पैसे भरून मिळतो तो फक्त मसुदा.

आता मुख्य मुद्दा. हे तयार नमुने साधारणपणे 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या चौकटीत बसवलेले असतात. त्या कायद्यात माणूस आपली सगळी मालमत्ता हवी त्याला देऊ शकतो. पण त्याच कायद्याच्या कलम 58 नुसार मृत्युपत्राविषयीचा तो भाग मुस्लिमांना लागू नाही. आपल्याकडे कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज फेडल्यावर जे उरते, त्याच्या एक तृतीयांशापर्यंतच वसिय्यत करता येते. त्याहून जास्त द्यायचे तर वारसांची संमती लागते. हनफी आणि शाफई फिक्हनुसार वारसाच्याच नावे वसिय्यत केली, तर ती इतर वारसांनी मृत्यूनंतर संमती दिली तरच चालते. शिया फिक्हमध्ये वारसालाही एक तृतीयांशापर्यंत देता येते. कोकणातले आपले बहुतेक बांधव शाफई, देशावर आणि मराठवाड्यात बहुसंख्य हनफी. फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असला तरी फिक्हचा असेलच असे नाही.

याचा परिणाम काय होतो ते पाहू. समजा, भिवंडीतील एक निवृत्त शिक्षक. पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. 40 लाखांचा फ्लॅट हीच सारी मिळकत. आपल्या माघारी पत्नीला कोणी घराबाहेर काढू नये म्हणून ते ऑनलाइन फॉर्म भरून सगळा फ्लॅट तिच्या नावे लिहितात आणि निश्चिंत होतात. पत्नी ही वारस आहे. त्यांच्या मृत्यूनंतर मुलांनी संमती दिली नाही, तर तो कागद निरुपयोगी ठरतो आणि शरई वाटप होते. पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे 5 लाख, प्रत्येक मुलाला 14 लाख, मुलीला 7 लाख. एका मुलाने संमती दिली तर ती त्याच्या हिश्श्यापुरतीच बंधनकारक राहते. ज्या अम्मीसाठी हा सारा खटाटोप केला, तिलाच आपल्या मुलांच्या तोंडाकडे पाहावे लागते. मृत्युपत्राची खरी किंमत अशी वसूल होते, आणि फी भरणारा तेव्हा हयात नसतो.

या शिक्षकांना मार्ग नव्हता असे नाही. पत्नीचा मेहर उधार असेल, तर ते पतीवरचे कर्ज आहे. वसिय्यत आणि वारसा या दोन्हींच्या आधी ते फेडावे लागते. तयार फॉर्ममध्ये बँकेच्या कर्जाचा रकाना सापडेल, मेहरचा क्वचितच. निकाहनामा काढून मेहर दिला की नाही हे लिहून ठेवणे, हे विनाखर्चाचे पण मोठे काम आहे.

दुसरा मार्ग हिबाचा. हयातीत बक्षीस द्यायला एक तृतीयांशाची मर्यादा नाही. देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे या तीन गोष्टी मात्र पूर्ण झाल्या पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हफीझा बीबी प्रकरणात, या तीन अटी पूर्ण असतील तर हिबा नोंदणीशिवायही वैध ठरतो असे सांगितले. तरीही घर-जमिनीच्या बाबतीत नोंदणी केलेली बरी. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. त्यावर स्थानिक अधिभार लागू शकतो, तो निबंधक कार्यालयात विचारून घ्यावा. पती-पत्नी एकाच घरात राहत असतील तर पतीला घर सोडावे लागत नाही, पण मालकी खरोखर दिल्याचे व्यवहारातून दिसले पाहिजे.

हिबाला दोन पथ्ये आहेत. मृत्युशय्येवर, म्हणजे मर्ज-उल-मौतमध्ये दिलेल्या बक्षिसाला पुन्हा एक तृतीयांशाची मर्यादा लागते, म्हणून दवाखान्यात भरती होईपर्यंत थांबू नये. आणि एका अपत्याला देऊन दुसऱ्याला डावलू नये. प्रेषित (स.) यांनी मुलांमध्ये न्याय राखण्यास सांगितले आहे. मुलीचा हिस्सा बुडवण्यासाठी हिबा करणे म्हणजे शरियतच्या वाटेने शरियत चुकवणे होय.

मग वसिय्यत कोणासाठी? ज्यांना वारशात काही मिळत नाही त्यांच्यासाठी. आमच्या मते हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. बापाच्या हयातीत एक मुलगा वारला आणि दुसरा जिवंत असेल, तर वारलेल्या मुलाच्या मुलांना आजोबांच्या तर्क्यात हिस्सा मिळत नाही. विधवा सूनही वारस नाही. पोटच्या पोरासारखे वाढवलेले दत्तक मूलही नाही. या सर्वांसाठी शरियतने एक तृतीयांशाचे दार उघडे ठेवले आहे. 40 लाखांच्या मिळकतीत ते दार साधारण 13 लाखांचे आहे. आजोबांनी दोन ओळी लिहिल्या असत्या तर पोरक्या नातवंडांचे शिक्षण झाले असते, असे प्रसंग कमी नाहीत. चुलते चांगले असतील, पण चांगुलपणावर सोडण्यापेक्षा कागदावर लिहिणे बरे. तयार नमुना सगळे पत्नीला किंवा मुलांना देऊन मोकळा होतो आणि या नातवंडांचे नावही घेत नाही.

नॉमिनीबद्दलही गैरसमज आहे. बँकेत किंवा शेअरच्या खात्यात नाव लावले म्हणजे ते पैसे त्याचेच झाले, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने शेअरच्या बाबतीत हेच डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो, मालकी वारसांची राहते.

काही कुटुंबांची गोष्ट आणखी वेगळी असते. गोव्यातील मुस्लिमांना तेथील सर्वांसाठीचा दिवाणी कायदा लागू आहे आणि जवळच्या वारसांसाठी साधारण अर्धा हिस्सा राखीव असतो. विवाह 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली झाला असेल, तर वारशाला शरियत नव्हे, उत्तराधिकार कायदा लागू होतो. आखातात घर किंवा खाते असेल तर तिथला कायदा पाहावा लागतो. अशा घरांनी तयार नमुन्याच्या वाटेला जाऊच नये.

मग करावे काय? आम्ही सुचवू इच्छितो ते असे :

1. एका वहीत मालमत्ता, देणी-घेणी, अमानती आणि मेहर लिहून काढा. बायकोला ती वही कुठे आहे हे माहीत असू द्या.

2. आज आपण गेलो तर वारस कोण, हे जाणत्या आलिम किंवा मुफ्तींकडून लिहून घ्या.

3. ती यादी घेऊन स्थानिक वकिलाकडे जा. निम्मे काम झालेले असल्याने त्यांचा वेळही कमी जाईल आणि फीही.

4. वसिय्यत एक तृतीयांशात ठेवा, वसी नेमा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. साक्षीदार शक्यतो लाभार्थी नसावेत.

5. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी करा. ती सक्तीची नाही, पण मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणीची फी नाममात्र आहे.

6. घरात जन्म, निकाह, तलाक किंवा मृत्यू झाला की वसिय्यत पुन्हा वाचा.

ऑनलाइन सेवा अगदीच टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. मालमत्तेची यादी नीट मांडायला ती उपयोगी पडेल. पण संगणक आपल्याला विचारतो, कोणाला द्यायचे आहे? शरियत त्याआधी विचारते, कोणाचे देणे आहे आणि कोणाचा हक्क आहे? या महिन्यात घरच्यांसोबत बसून निदान या दोन प्रश्नांची उत्तरे तरी लिहून काढा. त्याला फी लागत नाही.