याकोबाच्या विहिरीवर

‘सहन कर, बाळ, प्रार्थना कर, देव सर्व पाहतो.’ मनाने खचलेली मुलगी आपल्या दाराशी आली म्हणजे एवढे तिच्या ओंजळीत टाकून आपण आपले कर्तव्य संपले असे मानतो. प्रार्थनेचे बळ मी नाकारीत नाही. परंतु ज्या दुःखाचे नाव घेण्याचे धैर्य आपल्याला होत नाही, त्यावर प्रार्थनेचे पांघरूण घालणे ही श्रद्धा नव्हे, पळवाट आहे.

त्या दुःखाचे नाव जात.

जेल रोड, उपनगर, सिन्नर फाटा या भागांतील आपली कितीतरी कुटुंबे श्रीरामपूर, राहुरी, संगमनेरकडून पोटासाठी नाशिक रोडला आली. त्यांतील बहुतेकांचे पूर्वज गावकुसाबाहेरून बाप्तिस्म्यापर्यंत चालत आले होते. नावे बदलली, आडनावे राहिली. आज त्यांची नात वसतिगृहात ‘मेरी’ असे नाव सांगते, तेव्हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘पूर्ण नाव काय? मूळच्या कोण तुम्ही?’ वर्गात तिच्या रंगावरून हसणे होते, आणि लग्नाच्या बैठकीत तोच रंग पुन्हा तोलला जातो. मग झोप उडते, जेवण जात नाही, पुस्तक उघडले तरी अक्षर दिसत नाही. घरी म्हणतात, ‘अभ्यासाचा ताण आहे.’

या मुलीची जखम तीन ठिकाणी नाकारली जाते. पहिला नकार राज्याचा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तीत स्थान मिळाले. दलित ख्रिस्ती आजही बाहेरच आहेत. दुसरा नकार आपला. ‘ख्रिस्तात भेद नाही’ असे म्हणून आपण विषय मिटवतो. पण भारतातील कॅथोलिक बिशपांनी डिसेंबर २०१६ मध्ये दलितांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतही हा भेद असल्याचे स्वतःच मान्य केले आहे. तिसरा नकार समुपदेशकाचा. तो आत्मविश्वास वाढवण्याचे उपाय सांगतो. तो आत्मविश्वास कोणी, कसा हिरावून घेतला हे विचारीत नाही. तीन दारे बंद झाल्यावर मुलीला एकच निष्कर्ष उरतो : दोष माझ्यातच आहे.

‘समुपदेशकाने जात कशाला पाहावी? माणूस म्हणून पाहावे,’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो. ऐकायला तो उदात्त वाटतो. पण कुठे दुखते हे न विचारता औषध देणाऱ्या डॉक्टरला आपण निःपक्षपाती म्हणत नाही. अमेरिकेत डॉ. मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ स्त्रीने पती केनेथ यांच्यासह लहान मुलांपुढे केवळ रंगाने वेगळ्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या. पुष्कळ कृष्णवर्णीय बालकांनी गोरी बाहुली चांगली आणि आपल्या रंगाची वाईट ठरवली. त्या बालकांच्या मनात बिघाड नव्हता. समाजाने शिकवलेला धडा त्यांनी पाठ केला होता. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा अवैध ठरवताना या संशोधनाची दखल घेतली. बाईंनी तर १९४६ मध्येच हार्लेममध्ये, त्या मुलांच्या वस्तीतच, मार्गदर्शन केंद्र उघडले होते.

आपला कायदाही याहून वेगळे सांगत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८ म्हणते की ही सेवा जात, धर्म, संस्कृती, लिंग यांवरून भेदभाव न करता, आणि रुग्णाला व कुटुंबाला रुचेल अशा रीतीने मिळाली पाहिजे.

कायद्याच्या पुष्कळ आधी शुभवर्तमानाने हे शिकवले आहे. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर प्रभूने शमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले. तुम्ही यहूदी, मी शमरोनी, हे कसे, असा विटाळाचा प्रश्न तिनेच काढला. ‘असले मनात आणू नकोस’ असे म्हणून प्रभूने तिला गप्प केले नाही. आधी तिच्या हातचे पाणी मागितले, मग तिचे सगळे ऐकून घेत तो तिच्याशी बोलत राहिला. शिष्यांना नवल वाटले, तरी तो उठला नाही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. आठवड्यातून ठरलेल्या वेळी एक बंद दाराची खोली असावी. तेथे प्रशिक्षित, वेतन घेणारी समुपदेशिका बसावी. पॅरिश कौन्सिलमधील कोणाची नातलग नव्हे. जिवाला धोका असल्याखेरीज मुलीचे बोलणे बापाच्या वा फादरांच्याही कानी जाऊ नये. जातीबद्दल विचारायला समुपदेशिकेने कचरू नये, आणि प्रत्येक दुःख जातीच्या खाती टाकण्याची घाईही करू नये. आजार असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. आपल्याच वस्तीतील दोन मुलींच्या मानसशास्त्राच्या शिक्षणाचा खर्च धर्मग्रामाने उचलावा. आणि टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य, रात्रंदिवस चालणारा क्रमांक उद्याच चर्चच्या दारावर लावावा.

पैसा नाही, जागा नाही, असे कोणी म्हणू नये. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेसाठी आपण मंडप, पाणी, स्वयंसेवक सर्व उभे करतो. एवढ्या भाविकांना पाणी पाजणाऱ्या धर्मग्रामाला आपल्याच एका लेकीजवळ तासभर बसता येऊ नये काय?