गिरगावातील प्रार्थनामंदिर

गिरगावातील ज्या नाक्याला सारी मुंबई ‘प्रार्थना समाज’ म्हणते, त्याला हे नाव देणाऱ्या मंदिरात मूर्ती नाही, पुजाऱ्याचे वतन नाही; आणि म्हणूनच या वास्तूचे मोल सरकारी दप्तरात चौरस फुटांनी मांडता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

1849 साली निघालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिभेदाचा धिक्कार करीत, परंतु बंद दाराआड. आणि 1860 च्या सुमारास त्यांची नावे उघडकीस येताच सभा विसर्जित झाली. अशा पार्श्वभूमीवर, 31 मार्च 1867 रोजी डॉ. आत्माराम पांडुरंगांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने पुढील काही वर्षांतच भर वस्तीत आपले उपासनागृह उभारावे, हे धाडस मला त्याच्या सर्व व्याख्यानांहून मोठे वाटते; कारण व्याख्यान विसरले जाते, पण रहदारीच्या रस्त्यावरील मंदिराचा सभासदाला इन्कार करता येत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी ‘एकेश्वरनिष्ठांची कैफियत’ लिहून जी श्रद्धा शब्दांत नोंदविली, तिचीच ही दगडविटांतील नोंद होय. रानडे आणि भांडारकर यांनी ही श्रद्धा तुकोबांच्या परंपरेशी जोडली, त्यामुळे ती परकी राहिली नाही. जात सोडण्याची सक्ती मात्र समाजाने सभासदांवर केली नाही. त्या सावधपणाबद्दल त्याला लावला जाणारा बोल सर्वस्वी अन्यायाचा नाही. तथापि श्रमिकांच्या रात्रशाळा याच मंडळींनी चालविल्या, आणि 1906 साली ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ स्थापणारे विठ्ठल रामजी शिंदे याच समाजाचे प्रचारक होते.

अशी वास्तू जिवंत कशाने राहते, याचे उदाहरण म्हणजे म्हैसुरात यादवगिरीवर असलेला रामकृष्ण आश्रम. 1925 साली स्थापन झालेल्या या आश्रमाने विद्यार्थिदशेतील कुवेंपूंना आसरा दिला, आणि आश्रमाचे ऋण पुढे त्या थोर कन्नड कवीच्या साहित्यात उमटले. धर्मसंस्थेच्या घरात तरुण माणसे राहतात, वाचतात, वाद घालतात, तेव्हाच ते घर टिकते. निव्वळ डागडुजीने नव्हे.

गिरगावात चाळी पाडून मनोरे उठत आहेत. अशा वेळी महाराष्ट्र शासनाने आणि मुंबईच्या विद्यापीठाने या मंदिराच्या जतनाला सढळ हाताने साहाय्य करावे. समाजाने 1873 साली सुरू केलेल्या ‘सुबोधपत्रिके’चे जे अंक उपलब्ध असतील, त्यांची सूची करून ते अभ्यासकांना खुले करावेत, आणि रविवारच्या उपासनेखेरीज एक दिवस तरी त्या सभागृहात महाविद्यालयीन मुलामुलींनी जात आणि धर्म यांवर मोकळेपणाने बोलावे. यासाठी फार मोठी रक्कम लागणार नाही. विश्वस्तांची संमती आणि एका जाणत्या ग्रंथपालाची नेमणूक एवढ्याने आरंभ होऊ शकेल.